मठाच्या दारातलं वाडगं

सासूबाईंनी मठाची घंटा वाजवली त्या दिवसाची गोष्ट आमच्या घरात अजून निघते, आणि दर वेळी त्या म्हणतात, "दोरी होती म्हणून ओढली. त्यात माझं काय चुकलं?" काय चुकलं ते पुढे सांगतेच. पण त्यांनी ती दोरी ओढली नसती, तर एका माणसाचे आभार मानायचे माझ्याकडून कायमचे राहून गेले असते. म्हणून गोष्ट पहिल्यापासून सांगायला हवी. त्यात माझा नालायकपणाही येईल, त्याला इलाज नाही.

आम्ही जर्मनीत रेगेन्सबर्गला राहतो. नवरा इथल्या गाड्यांच्या कारखान्यात इंजिनियर. मीही मेकॅनिकल इंजिनियर, पुण्यात चार वर्षं नोकरी केलेली. पण इथे आले ती लग्न करून, त्याच्या व्हिसाच्या शेपटाला धरून. पहिली दोन वर्षं मी काय केलं, तर पोळ्या केल्या आणि जर्मनच्या परीक्षेत नापास झाले. एकदा नाही, दोनदा. दुसऱ्या वेळचा निकाल जानेवारीत आला. नवऱ्याला फोन केला तर तो म्हणाला, "ओके, नो प्रॉब्लेम, परत देऊ ना. आत्ता मीटिंगमध्ये आहे. चल, संध्याकाळी बोलू." त्याचं काही चुकलं नव्हतं. पण मला असा राग आला की वाढून घेतलेलं ताट तसंच ठेवून मी बाहेर पडले, स्टॉपवर जी बस उभी होती तीत बसले आणि शेवटपर्यंत गेले.

शेवटचा स्टॉप डोंगराच्या पायथ्याच्या एका खेड्यात होता. डोंगर आपला इकडचे लोक म्हणतात म्हणून. माझं माहेर आणि सासर दोन्ही साताऱ्याचं, आम्ही त्याला टेकाड म्हटलं असतं. वर एक दगडी मठ दिसत होता. परतीच्या बसला दोन तास होते आणि खाली उभं राहून गारठण्यापेक्षा चढलेलं बरं, एवढाच विचार करून मी चढले.

मठ आठ-नऊशे वर्षांपूर्वीचा. भिंती हात पसरले तरी मावणार नाहीत इतक्या जाड, खिडक्या एवढ्याशा, आणि सगळ्या कमानी अर्धगोल. टोकदार कमानींची उंच चर्चं नंतरच्या काळातली. ही त्याआधीची धाटणी, हिला रोमनेस्क म्हणतात, हे मला पुढे कळलं. त्या दिवशी इतकंच कळलं की दार उघडं आहे आणि आत वारा नाही. मी मागच्या बाकावर बसले आणि मोकळं रडून घेतलं.

तिथे ते आले. अशा मठाच्या दाराशी एक खोली असते आणि आल्यागेल्याची विचारपूस करायला तिथे एक साधू नेमलेला असतो. हे ते. वय ऐंशीच्या पुढे, अंगात काळा झगा, हात शेतकऱ्याचे, आणि बोली अस्सल बवेरियन. क्लासमध्ये शिकवतात ती जर्मन आणि ह्यांची जर्मन यांत सदाशिव पेठ आणि माण तालुका एवढं अंतर होतं. मला अक्षर कळलं नाही. आज मात्र त्यांचं बोलणं आठवलं की मला ते आमच्याकडच्या मराठीतच ऐकू येतं, म्हणून तसंच लिहिते. घरी आम्ही त्यांना दारावरचे बाबा म्हणायचो.

"जेवलीस का न्हाय?" त्यांनी हाताने घास घेऊन दाखवत विचारलं. मी मान हलवली. आपण मान हलवतो ती हो का नाही हे जर्मन माणसाला कधीच समजत नाही. त्यांनी स्वतःच ठरवलं आणि मला दाराजवळच्या खोलीत नेऊन शेगडीपाशी बसवलं. थोड्या वेळाने एक वाडगं आणलं. पांढरं पत्र्याचं, निळ्या कडेचं, एका बाजूला टवका उडालेलं. त्यात घेवड्याच्या दाण्यांचं घट्ट सूप, आणि बरोबर काळा पाव. मी अंग चोरत विचारलं, "फ्लाइश?" म्हणजे मांस आहे का. "आज शुक्रवार! आमच्यात आज कोन खातंय?" असं म्हणून ते इतके हसले की मलाही हसू आलं. त्यानंतर कुठल्याच वारी माझ्या वाडग्यात मांस आलं नाही.

मग मी जायलाच लागले. आठवड्यातून तीनदा, कधी चारदा. दर वेळी शेगडी, दर वेळी तेच टवका उडालेलं वाडगं. मला वाटलं, आपल्याकडे मठात गेलं की प्रसाद मिळतो, तशी येईल त्याला सूप द्यायची यांची पद्धत असेल. खोटं कशाला बोलू, मी सुपासाठीही जायचे. घरी एकटीसाठी जेवण गरम करायचाही मला कंटाळा होता.

आणि महिन्याभराने एक दिवस वाडगं आलंच नाही. "आज सूप न्हाय. आजपासनं काम," असं म्हणून त्यांनी माझ्यापुढे वाळलेल्या शेंगांचं पोतं ओतलं. मला लागलं जरा. एक दिवस पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई. म्हटलं, बाई, तुझा पाहुणचार संपला, आता ओळख तुझी तू. पण शेंगा सोलणं मला येत होतं. जर्मनीत आल्यापासून मला चांगलं येणारं असं काम पहिल्यांदाच कोणी पुढे ठेवलं होतं, म्हणून बसले.

त्यांची शिकवण्याची तऱ्हा अशी होती. सोलता सोलता ते दिसेल त्या वस्तूचं नाव घेत, मी म्हणायचं. चुकलं तर ते काही बोलत नसत, फक्त थांबत. हातातली शेंग तशीच धरून माझ्याकडे बघत राहत, मी बरोबर म्हणेपर्यंत. मला चिडायला होई. एकदा मी मराठीतच म्हटलं, "अहो, सोला ना आता!" तेही त्यांनी हुबेहूब म्हणून दाखवलं, आणि पुढे मी रेंगाळले की तेच ऐकवायचे, "अहो, सोला ना आता!" एक गोष्ट मात्र त्यांनी पहिल्याच आठवड्यात पक्की करून घेतली. इथे कोणी काही दिलं तर नुसतं डांके म्हणायचं नाही. "फेरगेल्ट्स गॉट" म्हणायचं, म्हणजे याची फेड देव करो. मग समोरचा म्हणतो "सेगन्स गॉट", देव त्यात बरकत देवो.

एक दिवस ते मला चर्चमध्ये घेऊन गेले. तिथल्या खांबांची डोकी सगळी वेगवेगळी कोरलेली आहेत. एकावर सिंह आहे, पण चेहरा असा की शेजारच्या घरचा कुत्रा वाटावा. घडवणाऱ्याने सिंह कधी पाहिलेलाच नसणार, असं बाबा म्हणाले. मग वरच्या कमानीकडे बोट करून त्यांनी विचारलं, "तू इंजिनियर हाईस म्हनतीस. मग सांग, हे पडत का न्हाय?"

मी तोंड उघडलं आणि शब्दच नव्हते. पण उत्तर येत होतं! वजन मधून सरळ खाली येत नाही, कमानीवरून दोन्ही बाजूंना सरकतं, बाजूला ढकलतं, म्हणून भिंती एवढ्या जाड आणि म्हणूनच खिडक्या एवढ्याशा. मी प्रार्थनेच्या पत्रकामागे चित्र काढलं, बाण काढले, हातवारे केले, त्यांच्या खांद्याला रेटून दाखवलं. अर्धा तास मी जर्मन बोलत होते आणि मला त्याचा पत्ता नव्हता. दोन वर्षांत पहिल्यांदाच कोणीतरी मला माझ्या विषयातला प्रश्न विचारला होता. नाहीतर मला विचारलं जाई ते पत्ता, फॅमिली स्टेटस आणि टेरमिन, म्हणजे भेटीची वेळ, घेतली आहे का, एवढंच. त्या दिवशी घरी येऊन मी माझी जुनी पुस्तकं माळ्यावरून काढली.

तिसऱ्या वेळी मी पास झाले. तोंडी परीक्षेत बाईंनी हसत विचारलं की ही बोली तुम्ही कुठे उचललीत. पुढे नोकरीच्या मुलाखतीतही तेच. गाड्यांचे सुटे भाग करणारी कंपनी, टेस्टिंगचं काम. साहेबांनी एक आकृती पुढे टाकली आणि मी ती बाबांना सांगितली असती तशी, त्यांच्याच बोलीत, दणादण सांगितली. साहेब स्वतः तिकडच्याच खेड्यातले निघाले. मला नोकरी लागली.

आता माझा नालायकपणा. नोकरी लागल्याचं मी बाबांना फोनवर कळवलंसुद्धा नाही. म्हटलं, फोनवर काय सांगायचं, शनिवारी जाऊन सांगू. तो शनिवार तीन वर्षांनी आला. आधी प्रोबेत्साइट होता, म्हणजे नोकरीतले कसोटीचे महिने. मग घर बदललं, मग भारतवारी, मग दमणूक. प्रत्येक कारण खरं होतं. सगळी मिळून मात्र एकच होतं: गरज सरो, वैद्य मरो. लहानपणी ही म्हण ऐकली की मला वाटायचं, अशी माणसं कोण असतात? अशी असतात. चांगली शिकलेली असतात.

मला शुद्धीवर आणलं ते त्यांच्याच प्रश्नाने. आमच्याकडे एक नवी मुलगी शिकायला आली होती. मशीनवर ताणून धरलेला एक पट्टा दाखवून मी तिला म्हटलं, "हे तुटत का नाही, सांग." आणि म्हणताक्षणी कळलं की हा प्रश्न माझा नाही, उसना आणलेला आहे, आणि ज्याचा आहे त्याला मी साधं तोंडही दाखवलेलं नाही. मला त्या मुलीसमोर भयंकर लाज वाटली.

त्याच शनिवारी गेले. मार्च होता. दाराजवळच्या खोलीत बाबा नव्हते; एक तरुण, चष्मेवाला साधू बसला होता, पुस्तकासारखी शुद्ध जर्मन बोलणारा. त्याने सांगितलं की बाबांचे पाय गेलेत, हृदयही थकलं आहे, वरच्या खोलीत झोपून असतात. डॉक्टरांनी फार दिवस दिलेले नाहीत. मी वर जाऊ का, विचारलं. तो ओशाळला. साधूंच्या राहण्याच्या भागाला क्लाउझुर म्हणतात. तिथे बाहेरच्यांना प्रवेश नाही, बायकांना तर नाहीच. त्यांना खाली आणता येईल का? गोल जिना, दगडी, अरुंद. "पुढच्या आठवड्यात बघू," तो म्हणाला.

असे किती पुढचे आठवडे गेले. दर शनिवारी मी जायचे आणि दर शनिवारी तो ओशाळायचा. निरोप सांगा म्हणायची मला हिंमत नव्हती, आणि पत्र लिहायचं तर बाबांना आता बारीक अक्षर दिसत नव्हतं. माझी माफी तिसऱ्याने मोठ्याने वाचून दाखवायची, ही कल्पनाच नको वाटे. मग मी बेसनाच्या लाडवांचा डबा वर पाठवला. पुढच्या शनिवारी डबा परत आला तो रिकामा नव्हता. आपल्याकडे शेजारणीचा डबा रिकामा परत करत नाहीत, तशी आत मूठभर वाळलेल्या घेवड्याच्या शेंगा होत्या. न सोललेल्या. ही माफी होती की टोमणा, मला कळेना. मी त्या शेंगा स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवल्या आणि महिनाभर रोज त्यांच्याकडे बघितलं. माणूस जायच्या आत एकदा समोर उभं राहून "चुकलं माझं" म्हणायचं होतं, बस. तेवढंही होईना.

मे महिन्यात सासूबाई आल्या, तीन महिन्यांसाठी. सासरे जाऊन दोन वर्षं झाली होती. मी त्यांना सगळं सांगितलं, कारण त्यांच्यापासून काही लपत नाही. त्या म्हणाल्या, "आधी जायला हवं होतंस." मी म्हटलं, "हो आई." त्या म्हणाल्या, "मला घेऊन चल."

जूनमधल्या एका शनिवारी दुपारी आम्ही दोघी कारने वर गेलो. गाडीतून उतरल्या उतरल्या त्या म्हणाल्या, "तू तुझ्या त्या चष्मेवाल्याला विचारून ये. मी तोवर देवाच्या पाया पडून घेते." मी लाडवांचा डबा घेऊन दाराजवळच्या खोलीकडे वळले. पुढचं मी पाहिलेलं नाही. त्यांनीच नंतर सांगितलं.

चर्चच्या दाराशी त्यांनी चपला काढल्या, अर्थातच. मोज्यांवर आत शिरल्या. दाराच्या आत लगेच मनोऱ्याखालची जागा आहे. कोणत्याही देवळात शिरताना बघावं तसं त्यांनी वर बघितलं. घंटा दिसली नाही. पण छताच्या भोकातून एक दोरी खाली आली होती आणि तिचं टोक भिंतीतल्या खुंटीला गुंडाळून ठेवलं होतं. देवाच्या दारात दोरी आहे ती कशासाठी? त्यांनी ती सोडवली आणि ओढली. काही झालं नाही. त्यांच्या माहेरी विहीर होती, रहाटाची सवय हाताला आहे. त्यांनी दोन्ही हातांनी धरून, वजन टाकून ओढली. मग वर घंटा वाजली. आणि वाजतच राहिली, कारण इथल्या घंटा झोक्यावर असतात, एकदा हलल्या की त्यांच्या त्याच वाजतात. सासूबाई डोळे मिटून, हात जोडून उभ्या राहिल्या. "म्हटलं, चांगली आहे हो घंटा," त्या म्हणाल्या.

इकडे मी डबा पुढे करत होते आणि चष्मेवाल्या साधूचा चेहरा पांढराफटक पडला. त्याने माझ्याकडे बघितलं, छताकडे बघितलं, छातीवर क्रूस काढला आणि झग्याचा घोळ उचलून धावत सुटला. मीही मागे धावले. मठात दहा साधू राहिले होते. बाबा आणि त्यांच्यापाशी बसलेला एक जण सोडून बाकीचे चहूकडून येत होते, एकाच्या हाताला बागेतली माती, एकाला स्वयंपाकाचा एप्रन. सगळे मनोऱ्याखाली जमले आणि एकमेकांची तोंडं बघू लागले: कोण कमी आहे? मधोमध मोज्यांवर उभ्या असलेल्या सासूबाई म्हणाल्या, "नमस्कार."

मठाच्या मोठ्या घंटा बटणावर वाजतात. ही एक छोटी तेवढी हाताने वाजवायची ठेवलेली. ती फक्त मठातला एखादा साधू गेला तरच वाजवतात. वरच्या खोलीत एक जण जायच्या वाटेवर आहे हे सगळ्यांना माहीत होतं.

मुख्य साधूंनी मला शांतपणे विचारलं की हे कसं झालं. मी अडखळत सांगितलं की आमच्याकडे देवापुढे जाताना घंटा वाजवतात, मी आले आहे हे देवाला कळावं म्हणून. मग वळून सासूबाईंना सांगितलं की त्यांनी काय वाजवलं आहे. त्यांचा चेहरा उतरला. "अगं बाई! जित्या माणसाची मरणघंटा! माझ्यासारखीच्या हातून!" आपल्याकडे विधवा बाईला असल्या बाबतीत काय काय ऐकावं लागतं ते त्यांनी दोन वर्षांत ऐकलेलं होतं. त्या चपलांकडे निघाल्या. "चल, गाडीत बसू. मला इथे थांबायचं नाही." मी त्यांचा हात धरून ठेवला.

तेवढ्यात खालचं गाव वर येऊ लागलं. घंटा त्यांनीही ऐकली होती. बेकरीवाली बाई पिठाच्या हातांनी, दोन म्हातारे घाईघाईत चुकीची बटणं लावलेल्या काळ्या कोटात, एक बाई परसातली फुलं खुडून घेऊन. धापा टाकत जो तो विचारत होता, "कधी गेले?" कोणी गेलं नाही हे ऐकल्यावर त्या सगळ्यांना काय करावं ते सुचेना. फुलंवाली बाई फुलं पाठीमागे लपवू लागली.

मग वरून निरोप आला. बाबांची शुश्रूषा करणारा साधू सांगत होता, "ते उठून बसलेत. कोण गेलं विचारतात. मी म्हटलं, कोणी नाही. तर म्हणतात, कोणी नाही म्हणजे मीच गेलो असणार, आणि गेलोच आहे तर आता जिन्याचं भय कसलं, मला खाली न्या." मुख्य साधूंनी क्षणभर विचार केला आणि मान डोलावली. गावातले दोन दांडगे गडी वर गेले आणि खुर्चीसकट त्यांना त्या गोल जिन्यावरून, पायरी पायरीला थांबत, खाली घेऊन आले.

केवढेसे झाले होते! पण डोळे तेच. त्यांनी जमलेल्या माणसांवरून नजर फिरवली आणि बेकरीवालीला म्हणाले, "समदी हितं, मग भट्टीतला पाव कोन बघतंय?" ती रडत होती, ती हसायला लागली. मग त्यांना मी दिसले.

तीन महिने मी एक मोठं वाक्य घोटून ठेवलं होतं, व्याकरण तपासून. ते कुठे गेलं कोण जाणे. मी त्यांच्या खुर्चीपाशी गुडघ्यांवर बसले. ते नुसते माझ्याकडे बघत थांबले, पूर्वी हातात शेंग धरून थांबायचे तसेच.

"चुकलं माझं," मी म्हटलं. "नोकरी लागली आणि मी आलेच नाही."

"तीन वर्सं," ते म्हणाले. "शेंगा एकट्यानं सोलल्या."

"फेरगेल्ट्स गॉट," मी म्हटलं. दुसरं काही येईना. "सगळ्याची. सुपाची, भाषेची. कमानीची."

"सेगन्स गॉट." त्यांनी माझा हात घट्ट धरला. "नोकरी टिकली न्हवं?"

"टिकली."

"मग झालं की. अहो, सोला ना आता!" हे त्यांनी मराठीत म्हटलं, आणि माझ्या मागे उभ्या सासूबाई दचकल्या.

त्या आता पुढे आल्या. वाकून त्यांनी बाबांच्या पायांना हात लावला; दोन साधू त्यांना सावरायला धावले, त्यांना वाटलं बाई पडताहेत. उठून, पदर सावरून त्या मला म्हणाल्या, "त्यांना सांग, माणूस गेल्याची खोटी बातमी उठली की त्याचं आयुष्य वाढतं. आमच्याकडे असं आहे म्हणावं."

मी सांगितलं. बाबांनी गंभीरपणे विचारलं, "किती वाढतंय म्हनं?"

सासूबाईंनी जरा विचार केला. "ते आपल्या हातात नाही. पण यंदाच्या शेंगा वाळेपर्यंत तरी."

आणि खरंच तसं झालं. डॉक्टर काय म्हणाले मला माहीत नाही. मी सासूबाईंचा शब्द धरते. त्या दिवसानंतर गावातले ते दोघे दर शनिवारी त्यांना खाली दाराजवळच्या खोलीत आणून बसवू लागले. ऑगस्टपर्यंत सासूबाईही येत होत्या. त्या मराठीत आपल्या गुडघ्यांबद्दल सांगत, ते बवेरियनमध्ये स्वतःच्या, आणि मला कोणी भाषांतर विचारत नसे. ऑक्टोबरमध्ये शेंगा आल्या. बाबांच्या बोटांत जोर नव्हता. मी सोलायचे, ते दाणे चाळवत बसायचे. एवढ्या निवांत दुपारी मला जर्मनीत दुसऱ्या कधी मिळाल्या नाहीत, आणि त्या मला मिळाल्या याबद्दल मी कृतज्ञ आहे.

नोव्हेंबरात, पोतं संपत आलं असताना, ते गेले. मी ऑफिसात होते. चष्मेवाल्या साधूने फोन केला. घंटा त्यानेच वाजवली होती.

अंत्यविधीनंतरच्या शनिवारी मी सवयीने वर गेले. त्याने मला शेगडीपाशी बसवलं आणि आतून ते वाडगं आणलं. निळी कड, टवका उडालेला. घेवड्याचं सूप. मी म्हटलं, मला नको, मी जेवून आले आहे. तो म्हणाला, "हे आमचं नाही, त्यांचं आहे."

मग त्याने सांगितलं. त्यांच्यात कोणी गेलं की तीस दिवस जेवणघरातली त्याची जागा तशीच मांडून ठेवतात. रोज त्याच्या वाटणीचं वाढतात आणि ते वाढलेलं दाराशी येणाऱ्या गरजूला देतात. गरजू कोण, हे दारावर बसणारा ठरवतो. "तुम्ही पहिल्यांदा आलात ना, त्याच्या दोनच दिवस आधी त्यांचा पन्नास वर्षांपासूनचा मित्र गेला होता. इथला भांडारी. बागेत शेंगा लावायचे ते दोघे मिळून. तो महिना त्याच्या वाटणीचं तुम्हाला गेलं. आता स्वतःच्या वाटणीबद्दल सांगून ठेवलंय त्यांनी. पहिल्या शनिवारचं वाडगं तुमचं, बाकीची जो येईल त्याची."

म्हणजे प्रसाद नव्हता तो. ज्या आठवड्यात त्यांनी आपला मित्र मातीत ठेवला, त्याच आठवड्यात बाकावर रडणारी एक परकी बाई बघून त्यांनी त्याचं जेवण तिच्यापुढे ठेवलं होतं, आणि वर मांसाच्या प्रश्नावर हसलेही होते. मी मात्र महिन्याने पाहुणचार संपला म्हणून रुसले होते. मी रडले, आणि रडत रडत ते सूप सगळं संपवलं. वाडगं पावाने पुसून घेतलं.

तिथूनच साताऱ्याला फोन लावला. सगळं ऐकून सासूबाई म्हणाल्या, "अगं बाई, म्हणजे तेव्हा महिनाभर तू गेलेल्याचं पान जेवत होतीस?" मला वाटलं, त्यांना आवडलं नाही. आपल्याकडे ते पान कावळ्याला ठेवतात.

"आणि आजचं त्यांचं?" त्यांनी विचारलं. "खाल्लंस ना सगळं? टाकलं नाहीस ना?"

"नाही आई. पुसून खाल्लं."

"मग शिवला कावळा," त्या म्हणाल्या. त्यांचाही आवाज ओला झाला होता. "आता ते वाडगं नीट धुऊन दे त्यांना. उद्या दुसऱ्या कोणाला लागेल."